ऊरुभंग: मांड्यांवाचून नाचताना

संस्कृत नाटककार भासाच्या ‘ऊरुभंग’ या एकांकी नाटकात धृतराष्ट्र आणि गांधारी युद्ध संपलेल्या रणभूमीवर आपल्या मुलाला शोधत येतात. दोघांनाही दिसत नाही; एकाला जन्मापासून आणि दुसरीला स्वतःहून बांधून घेतलेल्या पट्टीमुळे. ‘पुत्रा, कुठे आहेस?’ अशी हाक ते मारतात, ती दुर्योधनाला ऐकू येते, आणि वडिलांच्या पाया पडण्यासाठी उठू पाहणारा तो तिथल्या तिथे कोसळतो, कारण भीमाच्या गदेने त्याच्या दोन्ही मांड्या मोडलेल्या असतात. मांड्यांबरोबरच भीमाने वडिलांच्या पायांना वंदन करणेही माझ्यापासून हिरावून नेले, असे तो त्या वेळी म्हणतो. सोलापुरात गेली अनेक वर्षे भरतनाट्यम शिकवत असताना हा प्रसंग मी विद्यार्थिनींना अभिनयाचा नमुना म्हणून सांगत आले होते. तो स्वतः नाचून पाहावा, तोही प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीताच्या संगतीने, असे मनाने घेतले आणि त्यातून जी रचना उभी राहिली, तिची जडणघडण इथे लिहीत आहे.

नृत्य शिकवणाऱ्या माणसाचे लक्ष या नाटकात आपोआप मांड्यांकडे जाते. भरतनाट्यमचा सगळा डोलारा अरमंडीवर असतो. गुडघे बाहेर वळवून, अर्धे बसून, पाठ ताठ ठेवून ती स्थिती धरायची म्हणजे शरीराचा भार मांड्यांनी पेलायचा, आणि लहान मुलींना सुरुवातीची काही वर्षे आम्ही प्रामुख्याने तेवढेच शिकवत असतो. ज्याच्या मांड्याच गेल्या, त्याच्याजवळ नृत्य म्हणून काय उरते, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नव्हता. त्याचे उत्तर अडवूंमध्ये, म्हणजे भरतनाट्यमच्या ठरलेल्या मूळ हालचालींमध्ये, सापडणार नाही, त्यासाठी आधुनिक नृत्याकडे जावे लागेल, हे मात्र स्पष्ट होते.

भासाचे नाव कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत आदराने घेतले आहे, परंतु त्याची नाटके शतकानुशतके अभ्यासकांच्या हाती नव्हती. संस्कृत पंडित गणपतिशास्त्रींना केरळच्या बाजूला मिळालेल्या हस्तलिखितांवरून ती १९१२ पासून त्रिवेंद्रमला छापली जाऊ लागली, तेव्हा कुठे ‘ऊरुभंग’ वाचकांसमोर आले. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये, असा संस्कृत नाट्यपरंपरेचा संकेत असताना भास दुर्योधनाला प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मरू देतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, हा दुर्योधन मरताना वैर सोडून देतो. संतापलेल्या बलरामाला आवरतो, आणि पांडवांची सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, द्रौपदीला आणि सुभद्रेला आईसारखे मान, असे आपल्या मुलाला बजावतो. क्लासमधल्या एका मुलीच्या वडिलांनी मला सरळ विचारले होते, ‘दुर्योधनासाठी रडायचं का मॅडम आता?’ त्यांच्या डोळ्यांसमोर दूरदर्शनवरच्या महाभारतातला दुर्योधन होता. मी त्यांना भासाच्या नाटकाचा मराठी अनुवाद वाचायला दिला आणि तालमीला येऊन बसायला सांगितले. ते आले, आणि पुढे नेमाने येत राहिले.

केरळचे के. एन. पणिक्कर आणि मणिपूरचे रतन थिय्याम या दोघा दिग्दर्शकांनीही हे नाटक आपापल्या प्रांताच्या नाट्यभाषेत केले आहे. मला मात्र वाट दाखवली ती आधुनिक नृत्याच्या अमेरिकन नृत्यकार मार्था ग्रॅहम यांच्या एका रचनेने. १९४७ साली त्यांनी ‘नाइट जर्नी’मध्ये ईडिपसची शोकांतिका जोकास्टाच्या बाजूने मांडली, राजाची कथा तिथे त्याच्या आईच्या, म्हणजेच पत्नीच्याही, आठवणीतून उलगडते. त्या रचनेचे चित्रीकरण पाहिल्यावर माझ्या मनाने घेतले की, आपले ‘ऊरुभंग’ गांधारीचे असले पाहिजे. दुर्योधन रंगमंचाच्या मध्यभागी पडलेला असेल, पण प्रेक्षक त्याच्याकडे जातील ते तिच्या पावलांनी. गांधारी मी स्वतः करायचे ठरवले. पट्टी खरोखरीच बांधायची, जाळीदार कापडातून चोरून पाहायचे नाही, हेही तेव्हाच ठरले.

दुर्योधनासाठी शोध घेताना भरतनाट्यमचा नर्तक मला नकोच होता. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात वडिलांना हातभार लावणारा आणि संध्याकाळी ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, करणारा एक मुलगा माझ्या एका विद्यार्थिनीने सुचवला. ब्रेकिंगचा नर्तक आयुष्याचा निम्मा वेळ जमिनीवर काढतो. हातांवर शरीर तोलणे, खांद्यावरून फिरणे, पाय हवेत असताना मध्येच गोठून जाणे हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार झाला, तरी आपल्या गावात तो अजून ‘पोरांचा डान्स’च आहे. त्या मुलाला मी पहिल्याच दिवशी अट घातली की, कमरेखालचा एकही स्नायू स्वतःहून हलता कामा नये. पाय हलवायचा असेल तर तो हाताने उचलून ठेवायचा. सरावासाठी आम्ही त्याच्या मांड्या मांजरपाटाच्या पट्टीने एकमेकींना बांधत असू. एरवी त्याच्या उलट्या-कोलांट्यांना पायांच्या झोक्यातून जोर मिळतो, तो झोका काढून घेतल्यावर सगळे ओझे खांद्यांवर आणि मनगटांवर आले. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने तालमीचा वेळ तोडून तोडून घ्यावा लागला, आणि त्या आखडलेल्या वेळातच आम्हाला हवे ते सापडले. मोडलेला माणूस आपले पाय एखाद्या परक्या वस्तूसारखे हाताने उचलतो, नीट ठेवतो, मग त्यांच्याकडे पाहतो. ही कृती कोणत्याही नृत्यशैलीत नव्हती. ती त्या मुलाच्या शरीराने गरजेपोटी शोधून काढली, आणि आमच्या रचनेत ती पुन्हा पुन्हा येते.

तालमी आम्ही पूर्व भागातल्या एका रिकाम्या कारखान्यात केल्या. माग विकले गेल्यामुळे तिथे लांबरुंद मोकळी जागा झाली होती, मात्र खाली शहाबादी फरशी होती आणि तिच्यावर कोपर घासले की कातडी निघत असे. शेजारच्या मंगल कार्यालयातून आम्ही जुने जमखाने आणून अंथरले. जमखाना फरशीवर सरकतो, म्हणून त्याच्या कडा चिकटपट्टीने बांधून काढल्या आणि त्यावर पाणी शिंपडून तो जड केला. ओलसर सुती कापडावर शरीर ओढले की एक खरखरीत आवाज येतो. पुढे प्रत्यक्ष प्रयोगात नाट्यगृहाच्या लाकडी रंगमंचावरही आम्ही तोच जमखाना अंथरला, कारण तो आवाज आता संगीताचा भाग झाला होता आणि मला त्याची गरज होती. ती गरज का पडली, ते पुढे सांगते.

संगीतासाठी तीन माणसे होती. एक व्हायोलिनवादक, ज्यांचे शिक्षण कर्नाटक पद्धतीने झाले आहे. एक गायिका, ज्या हिंदुस्तानी शिकल्या आहेत. आणि हलगी वाजवणारे एक मामा. सोलापूरच्या रस्त्यावर चार भाषा एकत्र नांदतात, तेव्हा दोन संगीतपद्धती एका सतरंजीवर बसल्या यात नवल नव्हते, पण त्यांचे जुळायला वेळ लागला. शोकासाठी गायिकेने तोडी राग घेतला आणि व्हायोलिनवादकांनी कर्नाटक पद्धतीतला शुभपंतुवराळी. दोन्हींचे स्वर तेच आहेत, कोमल रिषभ, गंधार आणि धैवत, तीव्र मध्यम. चाल मात्र वेगळी आहे. गायिका कोमल गंधारावर संथपणे थांबत आणि व्हायोलिन त्याच गंधाराला आंदोलन देत असे, आणि दोन्ही एकाच वेळी वाजू लागले की कानाला ते टोचे. एकाने दुसऱ्याची चाल उचलावी, असे दोघांनीही सुचवून पाहिले. मी तो आग्रह धरला नाही. आंधळे आई-वडील एकाच मुलाला हाक मारत आहेत, दोघांची हाक एकसारखी कशी असेल? व्हायोलिन धृतराष्ट्राचे आणि कंठ गांधारीचा, अशी वाटणी झाल्यावर गंधारातली ती टोचणी जशीच्या तशी राहू दिली, आणि रचनेतले मला सर्वांत प्रिय असलेले क्षण तेच आहेत.

हलगीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. नाटकाच्या सुरुवातीला भास गदायुद्ध दाखवत नाही. तीन सैनिक ते पाहत असतात आणि आपल्याला सांगत असतात. आम्ही तीन मुलींना प्रेक्षकांकडे तोंड करून उभे केले, त्यांच्या माना आणि नजरा एका न दिसणाऱ्या झुंजीमागे फिरत राहतात, आणि ती झुंज वाजवते हलगी. मामांनी कुस्तीच्या फडात उभे राहून आयुष्यभर हलगी वाजवलेली आहे. पैलवानांनी खडाखडी सुरू केली की ठेका कसा धरायचा, डाव लागत आला की तो कसा चढवायचा, हे त्यांच्या हातात आहे. त्यांना मी भीम, दुर्योधन, गदा यांतले फारसे काही समजावले नाही. दोन पैलवान आहेत, एक वजनाने भारी आणि दुसरा डावात तरबेज, आणि शेवटी नियम मोडून निकाल लागतो, एवढेच सांगितले. त्यांनी ठेका चढवत नेला आणि घाव बसायच्या क्षणी, जिथे सम, म्हणजे तालाची पहिली, ठाशीव मात्रा, यायला हवी तिथे, हात थांबवला. ‘नेमाची कुस्ती असती तर पूर्ण वाजवली असती,’ असे ते म्हणाले. तीन मुलींच्या माना एकदम खाली येतात आणि प्रेक्षकाला न वाजलेली सम ऐकू येते.

तीच हलगी शेवटी पुन्हा येते, या वेळी अंत्ययात्रेची. मामा मिरवणुकीत, जत्रेत, मयतीत सगळीकडे वाजवतात. शेवटच्या भागाबद्दल बोलणे निघाले तेव्हा त्यांनी विचारले, ‘ताई, मयत म्हातारं हाय का तरणं? आन् पुढं कोण चालतंय, बाप का पोरगं?’ या प्रश्नाने शेवटाची बांधणी बदलली, कारण या अंत्ययात्रेत पुढे बापही आहे आणि पोरही आहे. दुर्जय, दुर्योधनाचा लहान मुलगा, आंधळ्या आजोबांना हात धरून रणभूमीवर घेऊन येतो. तोच त्यांना परत नेईल, हे मामांच्या प्रश्नानंतर ठरले. नाटकाच्या शेवटी धृतराष्ट्र तपोवनाला निघतो. आमच्याकडे त्याच्या पुढे ते मूल चालते आणि हलगी त्या लहान पावलांच्या गतीने वाजते.

वाद्याची एक व्यावहारिक बाबही लिहून ठेवते, म्हणजे असे काही करू पाहणाऱ्याला उपयोग होईल. कातडी हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही. उन्हाळ्यात कारखान्यात ती आपोआप खणखणत असे, परंतु नाट्यगृहात वातानुकूलन सुरू झाले की कातडे उतरायचे आणि बंद जागेत विस्तव पेटवणे शक्य नव्हते. विंगेत एक हॅलोजन दिवा जमिनीलगत ठेवून आम्ही दुसरी हलगी त्याच्यासमोर तापत ठेवली, आणि मामा प्रसंगाप्रसंगाच्या मध्ये हलगी बदलून घेत. प्लास्टिकच्या पडद्याची हलगी मिळते, तिला हा त्रास नाही, पण तिच्यावर बोटाने हळू वाजवलेले काही ऐकूच येत नाही.

आता पट्टीविषयी. डोळे बांधून रंगमंचावर चालायला लागल्यावर पहिली गोष्ट नाहीशी होते ती दिशा. सुरुवातीच्या तालमी आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेल्या व्हायोलिनवर करत होतो. स्पीकर दोन्ही बाजूंना होते, सूर चहूकडून येत होता, आणि गिरकी घेतल्यावर माझे तोंड कुठे आहे हे मला कळत नसे. ज्या दिवशी तिघे प्रत्यक्ष येऊन बसले, त्या दिवशी कारखान्याच्या त्या मोकळ्या जागेत एकदम कोपरे तयार झाले. हलगी डावीकडे मागे, व्हायोलिन उजवीकडे पुढे, गायिका माझ्या पाठीशी, आणि मध्ये जमखान्यावर घासत जाणारे एक शरीर. मी त्या आवाजांच्या आधाराने चालायला शिकले. त्यानंतर आम्ही वादकांच्या जागा पक्क्या केल्या, त्यांना खड्ड्यात किंवा विंगेत न बसवता रंगमंचावरच ठेवले, आणि ध्वनिक्षेपक अगदी माफक वापरायचे ठरवले, कारण आवाज स्पीकरमधून गेला की त्याची जागा जाते. नृत्याला लाइव्ह संगीताची जोड म्हणजे अधिक भारदस्त कार्यक्रम, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. या रचनेत मात्र ते संगीत काढून घेतले तर गांधारी आपल्या मुलापर्यंत पोहोचूच शकत नाही, आणि म्हणूनच ते हवे, असे मी आता ठामपणे म्हणू शकते.

याचा परिणाम वादकांवरही झाला. भरतनाट्यमच्या मैफलीत नट्टुवांगम्, म्हणजे झांजा आणि बोलांनी ताल देणे, चालवणारे गुरू तालाची सूत्रे हाती धरून असतात, नर्तकी त्या तालात बसते. इथे ताल धरणारे कोणी नव्हते. माझे पाऊल किती वेळात पडेल हे मलाच ठाऊक नसे, कारण ते पुढच्या आवाजावर अवलंबून असे. आणि गायिका मी थबकले की स्वर लांबवत, माझा श्वास सुटला की खाली येत. श्वास सोडताना ओटीपोट आत खेचून कणा वाकवायचा आणि श्वास घेताना तो मोकळा करायचा, हे ग्रॅहम यांच्या तंत्राचे मूळ आहे. ताठ पाठीचा संस्कार झालेल्या माझ्या शरीराला ते सहजासहजी साधले नाही. साधले ते गायिकेमुळे, कारण त्यांचा दमसास माझ्या पाठीमागेच चालू असे आणि ऐकता ऐकता माझा कणा त्याला उत्तर देऊ लागला.

बलरामाचा प्रसंग मात्र मी शुद्ध भरतनाट्यमध्येच ठेवला. तो धडधाकट आहे, द्वंद्वाचे नियम मानणारा आहे, नियम मोडल्याचा त्याला संताप आहे. त्याचे अडवू काटेकोर, अरमंडी खोल आणि पाठ ताठ असणे हेच योग्य. जमिनीवर पडलेला दुर्योधन त्या उभ्या, रेखीव नृत्याकडे खालून पाहतो, तेव्हा वेगळे काही सांगावे लागत नाही. नाटकातली अश्वत्थाम्याची सूडाची प्रतिज्ञा आम्ही गाळली.

दुर्जयाच्या प्रसंगावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मूल बापाच्या मांडीवर बसायला धावते आणि बाप त्याला अडवतो. मूल विचारते, का अडवता? तेव्हा तो सांगतो, बाळा, ओळखीची जागा सोडून आता कुठेही बस, तू आजवर उपभोगलेले हे आसन आजपासून उरले नाही. हे संवादात सांगणे सोपे आहे. नृत्यात नकार दाखवायचा आणि तो दुखावणारा नसावा, हे अवघड होते. मुलाने झेप घ्यायची आणि दुर्योधनाने त्याला हातांवर झेलून डोक्यावरून पलीकडे उतरवायचे, असे आम्ही बसवले. मूल खेळ समजून पुन्हा येते, पुन्हा पलीकडे जाते, आणि तिसऱ्यांदा आल्यावर बापाच्या हातांत त्राण राहत नाही. तेव्हा ते मूल मांडीशेजारी जमखान्यावर बसते आणि ते निर्जीव पाय हाताने उचलून नीट ठेवते. ती कृती त्या लहान मुलाला कोणी शिकवली नव्हती; तालमीत दुर्योधनाला रोज तसे करताना पाहून त्याने ती आपणहून केली, आणि मी तिला हात लावला नाही. मुलींच्या वर्गशिक्षिका असलेल्या एक बाई तालमीला बसल्या होत्या. मूल दुसऱ्यांदा धावले तेव्हा त्या उठून बाहेर गेल्या.

मृत्यूच्या क्षणी भासाचा दुर्योधन आपले पूर्वज, कर्ण, आपले शंभर भाऊ, अप्सरा, सागर आणि नद्या पाहतो, आणि त्याला न्यायला काळाने हजार हंसांचे विमान पाठवलेले असते. यांपैकी काहीही रंगमंचावर आणायचे नाही, हे मी आग्रहाने सांभाळले. दिसते ते फक्त दुर्योधनाच्या डोळ्यांना, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसलेल्या गांधारीला ते दिसत नाही. ब्रेकिंगच्या मुलाला दृष्टिभेद, म्हणजे नजरेच्या ठरावीक हालचाली, कोणी शिकवलेले नव्हते. मी त्याला बुबुळांच्या हालचाली शिकवू लागले, पण त्याने स्वतःचा मार्ग काढला. कारखान्याच्या पत्र्याला जिथे जिथे उजेडाची भोके होती, तिथे तो एकेक करून पाहायचा, आणि नाट्यगृहातही त्याने ती भोके मनाने छतावर मांडून घेतली. संपूर्ण रचनेत शब्द आहेत ते इथेच, आणि तेही भासाचेच: ‘अन्यस्यामपि जात्यां मे त्वमेव जननी भव’. दुसऱ्या जन्मातही तूच माझी आई हो, असे दुर्योधन गांधारीला म्हणतो. ही ओळ गायिका गात नाहीत, साध्या आवाजात म्हणतात.

प्रयोगाला विद्यार्थिनींचे पालक होते, हुतात्मा स्मृतिमंदिरात राज्य नाट्यस्पर्धा न चुकता पाहणारे जाणकार प्रेक्षक होते, आणि मामांच्या ओळखीचे, कुस्तीचे फड गाजवलेले काही वयस्क लोकही होते. गदा का दाखवली नाही, भीम कुठे होता, असे प्रश्न नंतर आले. मला त्या प्रश्नांचा आनंद झाला, कारण विचारणाऱ्यांनी रचना शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिली होती. एका पैलवानांनी मामांना बाजूला घेऊन न वाजलेल्या समेबद्दल विचारले, आणि दोघे बराच वेळ त्यावर बोलत होते. टीकाही झाली. व्हायोलिन आणि गायन एकमेकांशी लढते, असे दोन संगीतशिक्षकांना वाटले, आणि त्यांचे म्हणणे मी मान्य करत नसले तरी गांधारी मुलाजवळ पोहोचल्यानंतरही ती लढत तशीच चालू राहावी का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पुढच्या प्रयोगासाठी त्या ठिकाणी व्हायोलिन थांबवून पाहायचे आम्ही ठरवले आहे.

दुर्जय करणारा मुलगा दरम्यान उंच झाला आहे आणि त्याला डोक्यावरून उतरवणे आता दुर्योधनाच्या खांद्यांना झेपत नाही. दुसरे मूल घ्यावे, असे काहींचे म्हणणे आहे. मला तोच मुलगा हवा आहे, म्हणून झेप काढून टाकून तो प्रसंग आम्ही नव्याने बसवत आहोत. सध्या तो पळत न येता चालत येतो, आणि मामांनी त्याच्या लांबलेल्या पावलांना धरून शेवटचा ठेका बदलायला घेतला आहे.